गावात बसून मुंबईची नोकरी: पगार नंतर, आधी तास मोजा

शिमग्याला गावी आलेला आमच्या वाडीतला एक मुलगा या वर्षी परत गेलाच नाही. पालखी घरोघर फिरून देवळात गेली, चाकरमानी एसटीत बसले, आणि हा पडवीत टेबल टाकून, खांबाला वायर गुंडाळून मुंबईच्या कंपनीचं काम करत राहिला. मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं. त्यात दोन पर्याय होते. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात या आणि पूर्ण पगार घ्या, नाहीतर गावातूनच काम करा, पण महिन्याला दहा हजार कमी. पत्र घेऊन तो आमच्या ओटीवर आला. "काकी, घेऊ का सोडू?"

माझ्याकडे यायचं कारण असं की मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरातून पुण्याच्या एका फर्मसाठी पगारपत्रकं बनवते. दुसऱ्यांचे पगार मोजणं हाच माझा धंदा. स्वतःचे तास मात्र मी पहिलं वर्षभर मोजलेच नव्हते, ते पुढे येईलच.

त्याच्या डोक्यात बातम्यांचाही गुंता होता. नवे कामगार कायदे, दहा तासांचा दिवस, चार दिवसांचा आठवडा, कुणी म्हणतं सत्तर तास काम करा, कुणी म्हणतं नव्वद. यातलं आपल्याला काय लागू, काय नाही? त्या संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर जे मांडलं, तेच इथे जरा नीट लिहिते.

## फेरीबोटीचं काम आणि पार्सलचं काम

घरून किंवा गावावरून केलेल्या कामाला रिमोट वर्क म्हणतात. काही दिवस ऑफिस, काही दिवस घर असेल तर ते हायब्रिड. हे दोन्ही शब्द जागेबद्दल आहेत आणि बहुतेक लोक जागेवरच अडून बसतात. खरा प्रश्न वेळेचा असतो.

धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जायचं तर बोट सुटताना तुम्ही जेटीवर हवेच. पाच मिनिटं उशीर झाला की पुढच्या फेरीपर्यंत उभे राहा. एसटीने पार्सल पाठवायचं तर तसं नसतं. तुम्ही सकाळी टाकून आलात, समोरच्याने रात्री सोडवून नेलं, तरी दोघांचं काम झालं.

नोकरीतही हेच दोन प्रकार आहेत. मीटिंग, ग्राहकांचे फोन, पाळीतलं कॉल सेंटर हे फेरीचं काम. सगळ्यांनी एकाच वेळी हजर असलं पाहिजे. पगारपत्रक तयार करणं, प्रोग्राम लिहिणं, भाषांतर, नकाशे, हिशेब हे बरंचसं पार्सलचं काम. ठरलेल्या दिवसाआधी झालं की झालं.

गावातून काम जमेल का, हे तुमच्या नोकरीत फेऱ्या किती आणि पार्सलं किती यावर ठरतं. माझ्याकडे आठवड्यात दोन फेऱ्या, बाकी पार्सल. त्याच्याकडे रोज दोन फेऱ्या, त्यातली एक अमेरिकेच्या वेळेची. तिकडे उन्हाळा असताना न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात ते घड्याळ एक तास मागे घेतात, की तीच मीटिंग आपल्याकडे साडेसातला येते. म्हणजे दिवेलागण, जेवण, आरती सगळं एका परक्या देशाच्या घड्याळावर हलतं. हे पत्रात कुठेच लिहिलेलं नसतं.

## आठ तास आले कुठून?

मुंबईच्या गिरण्यांमध्ये कोकणातला माणूस किती होता, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. कुणाचे तरी आजोबा साच्यावर होतेच. त्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास हा आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ च्या पहिल्याच करारात लिहिला. आपल्याकडे वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो १९४६ च्या कायदादुरुस्तीने. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आपल्याच मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

तर ४८ हा आकडा भांडून मिळालेला आहे. पुढचे सगळे नियम त्याच्याभोवतीच फिरतात.

## आज कायदा काय म्हणतो

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. संहिता म्हणजे अनेक जुने कायदे एकत्र बांधून केलेला एक कायदा. तासांच्या बाबतीत गाभा तोच राहिला: आठवड्याला ४८. त्याहून जास्त काम घेतलं तर दुप्पट दराने पैसे.

"चार दिवसांचा आठवडा" ऐकून वाडीतल्या त्या मुलाचे डोळे चमकले होते. त्यातली मेख अशी की चार दिवस काम करायचं, पण दिवसाला बारा तास. चार बारे अट्ठेचाळीस. कमी तासांचा आठवडा वेगळा आणि तेच तास कमी दिवसांत कोंबलेला आठवडा वेगळा. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ दरम्यान ज्या प्रयोगांची चर्चा झाली, त्यांत पगार तोच ठेवून तास ३५-३६ पर्यंत आणले होते. आपल्याकडे बातमी तशीच वाटते, आत गणित निराळं आहे.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. एखाद्या दिवशी दहा तास बसवता येतील, म्हणून आठवडा साठ तासांचा होत नाही.

गावातून काम करणं हा मात्र कायद्याने मिळालेला हक्क नाही. सेवा क्षेत्रात दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं, एवढंच. एक थोडी वेगळी तरतूद बाळंतिणींसाठी आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर, रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करण्याबद्दल आई आणि कंपनी आपसात ठरवू शकतात. इथेही "आपसात" हा शब्द आहेच. म्हणून जे काही ठरेल ते ईमेलवर असावं. साहेब फोनवर गोड बोलले, हा पुरावा होत नाही.

आणि कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क? फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नासहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर खासदाराने स्वतः आणलेलं, आधी मांडलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण खासगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० साली. तेव्हा त्याच्या भरवशावर फोन बंद करून झोपू नका.

अजून एक. दुप्पट दराचा ओव्हरटाइम "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्याला मिळतो. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात येत नाहीत, आणि देखरेखीचं काम असून वेतन महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर तेही नाहीत. काही कंपन्या म्हणूनच सगळ्यांना "मॅनेजर" करून टाकतात. वाद झालाच तर पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय करत होता, हे पाहिलं जातं. पण कोर्टाची पायरी चढणार कोण?

## पगारचिठ्ठीतला निम्म्याचा नियम

हे माझ्या रोजच्या कामातलं, म्हणून थोडक्यात. समजा एकूण पगार ५०,०००. त्यात मूळ वेतन १५,००० आणि बाकी ३५,००० भत्ते. नव्या संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त धरता येत नाहीत. वरचे १०,००० वेतनातच मोजले जातात, म्हणजे वेतन २५,००० झालं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, या मोठ्या आकड्यावर निघेल. पीएफची सक्ती १५,००० रुपये वेतनापर्यंतच आहे, त्यामुळे कंपनी तेवढ्यावरच भरत असेल तर हातात येणारी रक्कम लगेच घटायचं कारण नाही. "नव्या कायद्यामुळे पगार कमी झाला" असं कुणी सांगितलं तर चिठ्ठी मागा आणि कुठली ओळ बदलली ते बघा.

## पगार तासावर आणून बघा

आता मुलाचा प्रश्न. साठ हजार चांगले की पन्नास?

बंदरावर बोट लागली की आलेल्या माशांच्या किमतीचा थेट वाटा कुणी करत नाही. आधी डिझेल, बर्फ, बोटीवरचं रेशन वजा होतं, मग मालक, तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशी यांचे वाटे पडतात. शिकलेसवरलेले आपण मात्र पगाराचा आकडा बघून आनंदतो आणि नोकरी करण्यासाठीच झालेला खर्च घरखर्चात ढकलतो.

म्हणून आम्ही डिझेल-बर्फ आधी वजा केलं. आकडे त्याचे, गोल केलेले.

मुंबईत राहून, तीन दिवस ऑफिस: हातात ६०,०००. डोंबिवलीतल्या खोलीचं त्याच्या वाट्याचं भाडं १५,०००. पास, रिक्षा वगैरे १,५००. बाहेरचं खाणं-पिणं आणि ऑफिसचे कपडे मिळून ३,५००. वजा २०,०००, उरले ४०,०००. तास: रोजचे नऊ, असे बावीस दिवस, म्हणजे १९८. ऑफिसच्या तेरा दिवसांचे जाण्यायेण्याचे तीन-तीन, म्हणजे ३९. एकूण २३७. चाळीस हजाराला २३७ ने भागलं की तासाला १६९ रुपये.

गावातून: हातात ५०,०००. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट १,५००. इन्व्हर्टर-बॅटरीचा हप्ता १,५००. महिन्यातून एक मुंबईची खेप ३,०००. वजा ६,०००, उरले ४४,०००. तास रोजचे साडेनऊ धरले, कारण घरी काम थोडं सांडतंच. बावीस दिवसांचे २०९. तासाला २११ रुपये.

घरचं जेवण दोन्हीकडे धरलं नाही. त्याच्या आईच्या मेहनतीची किंमत काढायला बसलो असतो तर गणित वेगळंच झालं असतं. आमच्या वहिनी आतून ऐकत होत्या, त्यांनी भांडं जरा जोरात ठेवलं.

एवढ्यावर तो खूश होऊन उठायला लागला. त्याला म्हटलं, बस, तिसरी ओळ राहिली.

गावातून, पण तास फुगलेले: खर्च तेवढाच, उरले ४४,०००. पण काम रोज बारा तास आणि शनिवारीही, म्हणजे सव्वीस दिवस. ३१२ तास. तासाला १४१ रुपये.

घर तेच, नोकरी तीच, पगार तोच, आणि कमाई मुंबईपेक्षाही कमी. त्याच्यासाठी काठ कुठे आहे तेही काढलं: ४४,००० भागिले १६९, साधारण २६०. महिन्याला २६० तासांच्या पुढे गेला की डोंबिवलीच परवडली.

## तास फुगतात कसे

निकोलस ब्लूम या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, आणि हे वाक्य घरून कामाच्या बाजूने सगळे फेकतात. पण त्या तेरापैकी नऊ टक्के वाढ आली ती पाळीतली जास्त मिनिटं कामात गेल्यामुळे. मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले चार टक्के मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे. म्हणजे वाढीचा मोठा भाग माणसाच्या मोकळ्या वेळातूनच निघाला होता.

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. पुण्याला असताना साडेसहाला बस पकडायची म्हणून उठावंच लागायचं. बस हे एक कुंपण होतं. इथे कुंपण नाही. रात्री नऊला कुणी तरी "एक छोटंसं" विचारतं, मी लॅपटॉप उघडते, साडेदहा होतात. एका मार्चमध्ये तास लिहून काढले तर २७० भरले. माझाच तासाचा दर बघून मला माझी लाज वाटली.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हेही एका मर्यादेपर्यंतच खरं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जॉन पेंकॅवेल यांनी पुन्हा तपासल्या आणि २०१४ मध्ये मांडल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत काम तासांच्या प्रमाणात वाढत होतं, पुढे वाढीचा वेग उतरत गेला. सत्तर तास राबलेल्यांचं उत्पादन छप्पन्न तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. उरलेले चौदा तास जवळजवळ फुकट गेले. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना सत्तर तासांचा सल्ला दिला, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीचे अध्यक्ष नव्वदपर्यंत गेले. सत्तर म्हणजे एक रविवार सोडून रोज जवळजवळ पावणेबारा तास. स्वतःच्या कंपनीत शेअर असणाऱ्याने तेवढं करावं की न करावं, हा त्याचा प्रश्न. पगारावर असणाऱ्याने आधी भागाकार करावा.

शरीराचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. आमच्या मुलाचा तिसऱ्या ओळीतला आठवडा ७२ तासांचा होता.

## "घरीच आहेस ना गो?"

शहरातल्या लेखांमध्ये गावातून काम म्हणजे समोर समुद्र, हातात कोकम सरबत असं असतं. खरी अडचण कुणी लिहीत नाही. गावात जो घरी आहे, तो रिकामा आहे.

गॅस सिलिंडर आला, घे. भटजींना सोडून ये. सोसायटीचा फॉर्म भर. पोफळीवाला आला, मोजून दे. "दोन मिनिटांचं काम" सांगणाऱ्या प्रत्येकाचं खरंच दोन मिनिटांचंच असतं, पण मोडलेली तंद्री परत जुळायला वीस मिनिटं लागतात. बायकांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. माझ्या सासूबाईंना पहिले सहा महिने वाटत होतं की मी सिनेमा बघत बसते. त्यांचा दोष नाही. बसून, न बोलता, घाम न गाळता केलेलं काम त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

उपाय साधा निघाला, आणि तो भिंतीवर आहे. दाराशी घड्याळाचं पुठ्ठ्याचं चित्र लावलंय, त्यावर माझी मीटिंगची वेळ. काटे मी रोज सकाळी फिरवते. आता शेजारची पोरंसुद्धा म्हणतात, "काकीची फेरी सुटलेय, आता जाऊ नका."

उलट बाजूही आहे. दुपारी एकला मी खरंच पानावर बसून जेवते. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला रजा टाकावी लागत नाही, कारण पार्सलचं काम रात्री आठला केलं तरी चालतं. हे पैशात कसं लिहायचं ते मला पगारपत्रकवालीला अजून सुचलेलं नाही.

## लाईट गेली तर?

ही शंका रास्तच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत काही आठवडे वीज नव्हती. तशा संकटाला तयारी नसते. रोजच्या खेळखंडोब्याला मात्र असते.

राउटरला वीज लागते एखाद्या एलईडी बल्बाएवढी. त्याच्यासाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो घेतला की लाईट गेल्यावर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर आणि नेट त्या डबीवर दोन-तीन तास चालतं. मोठा इन्व्हर्टर नंतर घ्या. दोन सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा, आणि घेण्याआधी गावात फिरून कुठलं कुठे धरतं ते बघा. आमच्याकडे एकाची रेंज घरात, दुसऱ्याची वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. वळवाच्या आणि हस्ताच्या पावसात वीज कडाडायला लागली की राउटरचा प्लग काढा. फायबरची तार काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. अ‍ॅडॅप्टरमधून येते. एक राउटर जाळून शिकले आहे.

पावसाळ्यातल्या दोन महिन्यांसाठी फेऱ्या कमी, पार्सलं जास्त, असं साहेबांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. ऐन मीटिंगमध्ये गायब होण्यापेक्षा ते शोभतं.

## बढती चुकेल का?

चुकू शकते. सीट्रिपच्याच त्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांना, कामाचा दर्जा जमेस धरला तर, बढत्या कमी मिळाल्याचं दिसलं. डोळ्याआड तो मनाआड. मात्र ब्लूम आणि सहकाऱ्यांचाच त्याच कंपनीतला पुढचा, २०२४ मध्ये आलेला अभ्यास हायब्रिडचा होता. १,६०० च्या वर कर्मचारी, आठवड्यात दोन दिवस घरून काम. तिथे बढत्यांवर परिणाम दिसला नाही आणि नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले. म्हणून आमच्या मुलाच्या खर्चात मुंबईची महिन्याची खेप धरली आहे. ती चैन समजून काटू नये.

## बाग कराराने द्यायची की पेटी स्वतः भरायची

पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती, ती त्याने वाचलीच नव्हती. गावातून काम करायचं असेल तर "सल्लागार म्हणून करार" असाही पर्याय, रक्कम पूर्ण साठ हजार.

हे आंब्याच्या बागेसारखं आहे. बाग कराराने दिली की ठरलेले पैसे हातात. मोहोर जळला, अवकाळी आला, थ्रिप्सची कीड पडली, तर डोकेदुखी करारवाल्याची. स्वतः केली तर फवारणी, राखण, पेट्या, वाशीच्या बाजारातला दर सगळं आपल्या अंगावर, आणि साधलं तर नफाही आपला. नोकरी म्हणजे कराराने दिलेली बाग. सल्लागार झालात की बाग तुमची: भरपगारी रजा नाही, कंपनीचा पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि आजारी पडलात तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. साठ हजार बघून सही करण्याआधी या गोष्टींची किंमत त्यातून वजा करा. ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च गाठीला आहे आणि दोन-तीन गिऱ्हाइकं मिळण्यासारखी आहेत, त्याने खुशाल स्वतः पेटी भरावी. पंचविशीतल्या, घरावर कर्ज असलेल्या मुलाला मी नाही म्हटलं.

"गावात आहे तर नोकरीसोबत बागही बघेन" असाही त्याचा बेत होता. त्यावर मला हसू आलं. हिशेबाच्या धंद्यात वर्षअखेर मार्चची, आणि हापूसच्या पेट्याही तेव्हाच सुरू होतात. आयकराची ३१ जुलै आणि लावणीही एकाच महिन्यात. झाड काही माझ्या कॅलेंडरला विचारून पिकत नाही.

## ज्यांचं काम उचलून घरी नेता येत नाही

हे सगळं लॅपटॉपवाल्यांचं, असं कुणी म्हटलं तर ते बरोबरच आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यातली पाळी घरून होत नाही, मासळी सोलणारीची नाही, आंबा पॅकिंगवाल्याची नाही. त्यांच्यासाठी बारा तासांची पाळी हा खराखुरा प्रश्न आहे, कारण त्यात जाण्यायेण्याचे तास वरून येतात आणि रात्रपाळी शरीरावर निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" गटात आधी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ठेवलं आहे.

खलाशाला तर तास नसतातच, खेप असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे वर्षातले दोन महिने सक्तीची विश्रांती, पण ती बिनपगारी. बंदरावरच्या एकाला मी तासांचं हे गणित सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, समुद्रात झोपलेलो तास धरू की नको?" मला उत्तर देता आलं नाही. पण वजाबाकी आधी आणि वाटा नंतर, हे त्याच्याकडून घेतलंय, ते वर लिहिलंच.

## मुलाने काय केलं

पन्नास हजारांचा पर्याय घेतला, नोकर म्हणूनच. ईमेलवर दोन गोष्टी मागून घेतल्या: अमेरिकेची मीटिंग आठवड्यातून पाचऐवजी दोनदा, आणि शनिवारी नाही. दुसरी लगेच मिळाली. पहिल्यावर तीनदा असं मिटलं.

जुलैअखेरीस त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. प्रत्येक चौकोनात तास, खाली बेरीज २१५, आणि बाजूला ठसठशीत "२०५ रुपये". दोन चौकोनांत तासांऐवजी "लावणी" लिहिलं होतं, रजा टाकून. मी विचारलं, त्या दोन दिवसांत ऑफिसचं काहीच केलं नाहीस?

"केलं की. बांधावर उभा राहून चिखलाच्या हाताने फोन घेत होतो. तीन-तीन तास गेले असतील."

ते सहा तास त्याने बेरजेत धरलेच नव्हते. मी धरले. १९९.